नियमशास्त्र आणि तंबोरा

कोल्हापुराहून बेळगावच्या रस्त्याला लागले, की कागल आणि निपाणी मागे पडल्यावर संकेश्वर येते. निपाणीला तंबाखूचा वास संपतो आणि संकेश्वरला मिरचीचा सुरू होतो, असे आमच्या घरातली म्हातारी माणसे म्हणत. हिरण्यकेशीच्या काठचे हे गाव. शंकरलिंगाचे जुने देऊळ आणि शंकराचार्यांचा मठ यांमुळे आपल्याकडच्या जुन्या घरांतून त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्या पीठाचे आचार्य ‘संकेश्वर-करवीर’ असे जोडनाव लावतात, हे येथल्या वाचकांना सांगायला नकोच. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि गाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. बाजारात मात्र एकच माणूस भाव कानडीत सांगतो आणि घासाघीस मराठीत करतो.

या गावी मी आठवड्यातून एक दिवस गाणे शिकवायला जातो. शिकणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षक आहेत. वय सत्तरीच्या पुढे. घराणे तीन पिढ्या ख्रिस्ती. मी त्यांना मास्तर म्हणतो, ते मला बुवा म्हणतात. चर्चमधली मराठी भजने सुरात म्हणता यावीत, एवढीच त्यांची इच्छा. हार्मोनियमवर भागले असते. पण त्यांनी तंबोऱ्याचाच हट्ट धरला आणि मलाही तो आवडला.

एका दिवशी षड्जच लागेना. मी आपला ‘पुन्हा’ म्हणत होतो आणि ते पुन्हा लावत होते. दहाबारा वेळा झाल्यावर मास्तर हसले आणि म्हणाले, “बुवा, मला याची सवय आहे. आमच्या उपासनेत दर रविवारी आरंभी हेच म्हणतो आम्ही. या आठवड्यातही लागला नाही, देवा.”

मी विचारले, “दर रविवारी? म्हणजे मागच्या रविवारी कबूल केले तेच पुन्हा?”

“तेच. आणि पुढच्या रविवारीही तेच असेल.”

“मग सुधारणा काय झाली?”

प्रश्न जरा उद्धटच होता. खरे सांगायचे तर ख्रिस्ती धर्माविषयी आमच्यासारख्या घरांतून दोनच गोष्टी ठाऊक असतात: मिशनची इस्पितळे चांगली आणि अमक्याचा पणजोबा बाटला. त्या धर्माचे माणसाविषयी म्हणणे काय, हे विचारण्याची वेळच आलेली नव्हती. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी तंबोरा बाजूला ठेवला आणि त्या दिवशीचा तास बोलण्यात गेला. त्यानंतर मी थोडे वाचले, थोडे विचारले. त्यातले जे मला कळले ते येथे मांडतो.

देवाने मोशेच्या हातून सीनाय पर्वतावर इस्राएल लोकांना आज्ञा दिल्या. मराठी बायबलात या साऱ्याला ‘नियमशास्त्र’ असा भारदस्त शब्द आहे. दहा आज्ञा हा त्याचा गाभा. यहुदी परंपरेने सगळ्या आज्ञा मोजून त्या ६१३ ठरविल्या आहेत. आपल्या भाषेत ही कथा नवी नव्हे. गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ती चांगली ओव्यांतून आलेली आहे.

खून करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको. एवढ्यावर भागत असते, तर तुमच्याआमच्यासारख्या सभ्य गृहस्थांना फारशी अडचण नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांनी कोणाचा खून केलेला नसतो. पण दहावी आज्ञा निराळी आहे. शेजाऱ्याच्या घराचा, त्याच्या बायकोचा, त्याच्या बैलाचा लोभ धरू नको असे ती सांगते, आणि लोभ हातात नसतो, मनात असतो. हात बांधून ठेवता येतात. मनाला कोठला दोर बांधायचा? दुसऱ्याच्या मैफलीला पडलेली दाद ऐकून ज्याच्या पोटात कधी दुखले नाही, असा गवई मला कोणी दाखवावा. मी तरी त्यातला नाही.

पौल हा कडवा परूशी, म्हणजे यहुद्यांतल्या अत्यंत आचारनिष्ठ पंथातला. नियमाच्या बाबतीत माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकत नव्हते, असे तो एका पत्रात अभिमानाने लिहितो. आणि तोच रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात कबूल करतो, की लोभाची ही एक आज्ञा आपल्याला आडवी आली. जे चांगले म्हणून करावेसे वाटते ते हातून होत नाही, आणि ज्याचा तिटकारा आहे तेच होते, ही त्याची तक्रार. वाचताना मला आपल्याकडचा दुर्योधन आठवला. धर्म मला कळतो पण तिकडे मन वळत नाही, अधर्मही कळतो पण त्यातून सुटका नाही, हे त्याच्या तोंडचे म्हणून सांगितले जाणारे बोल कीर्तनकारांच्या तोंडून आपण कितीदा ऐकलेले आहेत. फरक इतकाच, की आपण ते दुर्योधनाच्या तोंडी घालून मोकळे होतो. पौल ते स्वतःविषयी म्हणतो.

येशूने गिरिप्रवचनात तर उरलेल्या आज्ञाही दहाव्या आज्ञेसारख्याच करून ठेवल्या. भावावर मनात धरलेला राग खुनाच्या रांगेत बसविला आणि वाईट नजर व्यभिचाराच्या. शेवटी स्वर्गातला पिता जसा पूर्ण आहे तसे पूर्ण व्हा, असे सांगून टाकले. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला आणि ते याच गिरिप्रवचनापाशी खिळून राहिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक कवी होते, त्यांना त्यातले सौंदर्य दिसले. मला शिक्षकाला त्यातली परीक्षा दिसली आणि धडकी भरली.

आणखी एक कलम आहे. सगळा नियम पाळून एका ठिकाणी चुकला, तर तो सगळ्याच नियमाचा गुन्हेगार, असे याकोबाच्या पत्रात म्हटले आहे. प्रथम हा मला निव्वळ जुलूम वाटला. शंभरांत नव्वद गुण मिळविणाऱ्याला नापास करण्याची ही कोणती रीत? पण विचार करता करता तंबोऱ्यावर नजर गेली. पंचमाची तार, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज, अशा चार तारा. तीन अगदी सुरात आणि चौथी किंचित उतरलेली असली, तर तंबोरा बारा आणे जुळला असे होत नाही. तो बेसूर असतो. कानाला चार तारा निरनिराळ्या ऐकू येत नाहीत, एकच नाद ऐकू येतो, आणि तो बिघडलेला असतो. याकोबाचे म्हणणे असेच काहीसे असावे. आज्ञा दहा असल्या तरी मागणारा एक आहे आणि मागणेही एकच आहे: सगळे मन. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा सांगतात. आपल्या धंद्यात याला सूर न लागणे म्हणतात.

मग जो नियम कोणालाच पाळता येत नाही, तो द्यायचा कशाला? हा प्रश्न मी मास्तरांना विचारला आणि तो विचारणारा मी पहिला नव्हे, हे मागाहून कळले. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या, मूळच्या ब्रिटनमधल्या तपस्व्याने हाच प्रश्न केला होता. न्यायी देव अशक्य आज्ञा कशी देईल? दिली आहे त्या अर्थी ती पाळता येते. तुम्ही आळशी आहात. उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने त्याच्याशी वर्षानुवर्षे वाद घातला. माणसाची इच्छाच आजारी आहे, तिला नुसता हुकूम देऊन काय होणार, हे त्याचे म्हणणे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत नाकारले. पेलाजियसविषयी मला सहानुभूती वाटते, हे कबूल करतो. सगळे कडक गुरू थोडे पेलाजियसपंथी असतात.

यहुदी स्वतः मात्र नियमशास्त्र अशक्य आहे असे मानत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आज्ञा आकाशात नाही, समुद्रापलीकडे नाही, तुझ्या तोंडी आणि मनात आहे, असे मोशेच त्यांना सांगून गेला. चुकले तर पश्चात्तापाचे दार उघडे आहे. ख्रिस्ती पंथांतही सगळे एका सुरात गात नाहीत. अठराव्या शतकात जॉन वेस्ली म्हणाला, की देवाच्या कृपेने याच जन्मी माणसाचे मन प्रेमाने पूर्ण भरू शकते. त्याच्या अनुयायांचे, मेथॉडिस्टांचे, काम बेळगावात आहे. १८२० साली लंडन मिशनने तेथे घातलेला पाया १९०४ साली त्यांच्याकडे आला, आणि बेननस्मिथ शाळेच्या नावात जुन्या मिशनऱ्याची आठवण अजून आहे. बाबा पदमनजी हे त्याच बेळगावात १८३१ साली जन्मले, तेथल्या मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वेस्लीचे मत मी मास्तरांपुढे ठेवले तेव्हा ते म्हणाले, “आजोबांनी तसे सांगणारे पाद्री ऐकले होते, बुवा. पण आजीने आजोबांना रोज पाहिले होते.”

नियम कशाला, याचे पौलाने दिलेले उत्तर असे: नियमाने पाप कळते. एका ठिकाणी तो नियमाला घरच्या गुलामाची उपमा देतो. ग्रीक श्रीमंतांच्या घरी मुलाला हाताला धरून गुरूच्या दारी पोचविणारा एक गुलाम असे. तो धाक दाखवी, वळण लावी. पण विद्या देणारा तो नव्हे. तंबोराही नेमके एवढेच करतो. तो कोणाला गायला शिकवीत नाही. वाजत राहतो आणि तुम्ही कोठे आहात ते सांगतो. तंबोरा नसता तर पुष्कळ लोक सुखाने बेसूर गात राहिले असते, तसे गातातही.

आता ज्या मठाच्या गावात बसून ही चर्चा चालली होती, त्या मठाकडे आले पाहिजे. कारण नियम मोडणे आणि तो सांधणे या विषयावर एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जे सर्वांत गाजलेले प्रकरण झाले, ते निकालासाठी संकेश्वरच्याच आचार्यांपुढे आले होते.

१८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर मिशनच्या बायकांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला, कोणी शिवलेही नाहीत. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापविली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. तक्रार शंकराचार्यांकडे गेली. आचार्यांनी चौकशीसाठी दोन शास्त्र्यांचे कमिशन नेमले. त्यांतल्या एकाचे आडनाव निपाणीकर. कोणी प्यालो नाही म्हणाले, कोणी प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्यावरून त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना बोल लाविले.

आज हे सारे हसण्यासारखे वाटते. पण त्यामागची व्यवस्था हसण्यासारखी नाही. आपले धर्मशास्त्र माणूस चुकणार हे गृहीत धरून चालते आणि प्रत्येक चुकीला माप ठरविते. कोठे पंचगव्य पुरे; कोठे बारा दिवसांचे कृच्छ्र, त्यात तीन दिवस सकाळीच जेवायचे, तीन दिवस रात्रीच, तीन दिवस न मागता मिळेल ते आणि शेवटचे तीन उपास. त्याहून मोठ्याला चांद्रायण, म्हणजे चंद्राच्या कलेबरोबर घास कमी करीत नेऊन पुन्हा वाढवायचे. हेही झेपत नसेल तर त्याऐवजी गोदान आणि गाय नसेल तर तिचे मोल. यात एक मोठी माणुसकी आहे. चुकलेला कायमचा बाहेर राहत नाही. हिशेब चुकता करून पंक्तीला येऊन बसतो.

ख्रिस्ती म्हणणे येथेच फुटते. चहाचा हिशेब चुकता करता येईल. पण चहा पिणाऱ्याच्या मनात त्या वेळी शेजाऱ्याविषयी जे आले, त्याला किती दिवसांचे कृच्छ्र? रोज नवे साचणारे कर्ज रोजच्या फेडीने कधी फिटत नाही, कारण फेडणारे मनही त्याच दुखण्याचे. तेव्हा ज्या एकाने नियम पुरता पाळला, त्याने ते आपल्या मरणाने फेडले, आणि माणसाने ते नुसते स्वीकारायचे, हा त्या धर्माचा गाभा. हे कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. मला अजून पूर्ण पटलेले नाही. पण मास्तरांचे दर रविवारचे कबूल करणे आता मला कळते. ते हप्ता भरीत नसतात.

ज्या मिशनमध्ये चहा झाला, त्याच्याशी नाते असलेल्या दोन मराठी माणसांनी हे दुखणे स्वतःच्या अंगावर काढले. नीलकंठशास्त्री गोरे हे पहिले. १८२५ साली झांशीकडे जन्मलेले, काशीत वाढलेले चित्पावन पंडित. मिशनऱ्यांचे खंडन करायला म्हणून बायबल हाती घेतले आणि १८४८ साली जौनपुरास बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पंजाबच्या दुलीपसिंग महाराजांबरोबर विलायतेस जाऊन आले, ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिले, पुढे पुण्याच्या पंचहौदात कौली फादर्सच्या मठवासी मंडळींत राहिले. इतक्या विद्वान माणसाला समाधान मात्र लाभले नाही. शंका आणि आपल्या अपुरेपणाची टोचणी त्यांना १८९५ साली मरण येईपर्यंत सुटली नाही. मठवासी होण्याची शेवटची शपथही त्यांनी घेतली नाही. पंडिताचा कान फार तयार झालेला असतो. त्याला आपले उतरलेले सूर इतरांआधी ऐकू येतात.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. गोऱ्यांच्या लिखाणाचा त्यांच्या मनावर परिणाम झालेला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोमुलांना घेऊन तीर्थामागून तीर्थे करीत हिंडले; पुराणे सांगितली, व्रते केली, होते ते दानधर्मात घातले. शास्त्राने सांगितलेले काही करायचे ठेवले नाही. आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही उपासमारीने गेले. रमाबाई पुढे कलकत्त्यास पंडिता ठरल्या, ब्राह्मसमाजाजवळ आल्या, आणि १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वाँटेजच्या सिस्टर्स पुण्यात पंचहौदात काम करीत. वाचकाला वाटेल, की गोष्ट येथे संपली. बाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे, की नाही संपली. आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी तो घेतला तो ख्रिस्त मिळालाच नाही. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त त्या सुमारास त्यांच्या वाचनात आले होते. हा मनुष्य पाद्री होऊन बरीच वर्षे लोटल्यावर, स्वतःचेच प्रवचन करता करता पालटला होता. तीर्थयात्रा सुटल्या, व्रते सुटली, नाव बदलले, देश पाहिले. तरी पायऱ्या चढून देवापर्यंत पोचण्याचा जुना खटाटोप आपण तसाच चालविला आहे, हे बाईंना त्या वेळी दिसले.

येथे शंका येते, की असे ठरल्यावर मनुष्य हातपाय हलविणे सोडील. कृपाच आहे, मग कशाला झिजा? पौलाच्या काळीही लोकांनी हेच विचारले होते आणि त्याने तो विचार झटकून टाकला होता. रमाबाईंचे काय झाले ते पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली, विधवा केडगावला आणून जगविल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालविली. १९२२ साली त्या गेल्या. ते बायबल १९२४ साली बाहेर पडले. खटाटोप सुटला म्हणणाऱ्या बाईने खटाटोप म्हणणाऱ्यांहून जास्त काम केले.

मी एकदा मास्तरांना म्हटले, की आमच्यातही हे आहेच. संध्येत मनाने, वाचेने, हातांनी, पायांनी रात्रीत झालेले पाप सकाळी सांगायचे असते आणि दिवसाचे संध्याकाळी. पूजा आटोपल्यावर आमचे आजोबा प्रदक्षिणा घालीत, त्या वेळी मी पापी, माझी करणी पापाची, असे संस्कृतात म्हणत. तुकोबांनी तर स्वतःला नावे ठेवण्यात काही बाकी ठेवले नाही. आणि नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत.

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते खरे आहे. पण बुवा, सगळे एकच असे म्हणू नका. तुम्ही भूप आणि देशकार एकच म्हणाल का? सूर तेच आहेत.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आणि दुसरे असे, की आजोबांचा तो श्लोक मी लहानपणापासून शेकडो वेळा म्हटला आहे, भराभर, प्रसादाकडे डोळा ठेवून. तो आपल्याविषयी आहे, हे चाळिशी उलटल्यावर एका ख्रिस्ती मास्तरांशी बोलताना लक्षात यावे, ही गंमतच म्हणायची.

आता जरा घरचे सांगतो. माझे वडील दरबारी गवई. आज मी शिकविताना जो तंबोरा घेऊन बसतो तो त्यांचा, मिरजेचा. त्यांच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. ‘अजून’ हा एकच शब्द. मी तास तास खर्ज भरावा आणि त्यांनी डोळे न उघडता ‘अजून’ म्हणावे. त्यात दुष्टावा नव्हता. स्वतःलाही ते तेच म्हणत. शेवटच्या दोनतीन वर्षांत ते रोज पहाटे तंबोरा जुळवीत, जवारीचा दोरा केसाएवढा सरकवीत, मणी फिरवून खर्जातून गांधार बोलू लागेपर्यंत थांबत, आणि मग न गाता नुसते बसत. एकदा मी कारण विचारले. “आता नीट ऐकू येते,” म्हणाले, “म्हणून गाववत नाही.” त्या वेळी मला हे फार थोर वाटले होते. शिष्यांना मी ही गोष्ट अभिमानाने सांगत असे.

हाच ‘अजून’ मी वर्गात नेला. संकेश्वरच्या वर्गात एक मुलगा होता, अकरा-बारा वर्षांचा. आवाज असा, की तो पहिल्यांदा गायला तेव्हा मीच तंबोरा छेडायचा थांबलो. म्हणूनच त्याला मी जास्त धरले. दोन वर्षे त्याला चांगले म्हटले नाही. वर्षाअखेरच्या कार्यक्रमात इतर मुले गायली. त्याला मी बसवून ठेवले, कारण त्याचा सूर पुरा झाला नव्हता, आणि हे सगळ्यांदेखत सांगितले. पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही. काही महिन्यांनी त्याची आई वाटेत भेटली. तो आता घरीसुद्धा गुणगुणत नाही, एवढेच ती म्हणाली. मला दोष दिला नाही. मी घरी येऊन, आजकालच्या मुलांना कष्ट नकोत, असे मंडळींना सांगितले.

हे मास्तरांना मी आजवर सांगितलेले नाही. कोणत्या कृच्छ्राने हे भरून निघेल, हे मठात विचारण्याजोगे नाही, आणि दर रविवारी जाऊन सांगावे असे माझे चर्चही नाही.

तो मुलगा आता पंचविशीचा आहे. संकेश्वरच्या बाजारात मिरचीच्या अडतीवर हिशेब लिहितो, हे मला ठाऊक होते. स्टँडवरून वर्गाला जाताना ते दुकान टाळून मी मागच्या गल्लीने जात असे. गेल्या महिन्यात समोरून गेलो. पोत्यांच्या ढिगाशी तो उभा होता. मला पाहताच वही ठेवून पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि पोऱ्याला चहा सांगितला. मिरचीच्या खाटाने माझ्या डोळ्यांना पाणी येत होते, ते एका अर्थी बरेच झाले. मी म्हणालो, “त्या वर्षी तुला गाऊ दिले नाही, ती चूक माझी होती. सूर चांगला होता तुझा.”

तो वहीकडे बघत राहिला. चहा आला. आम्ही दोघांनी उभ्याउभ्याच घेतला.

“आता वेळ नाही होत, गुरुजी,” तो म्हणाला.

“नसू दे. यायला पाहिजे असे नाही.”

तेवढ्यात मोटार आली आणि हमाल पोती उतरवू लागले. मी निघालो, तसे त्याने मागून विचारले, “तंबोरा तोच आहे का?”

“तोच आहे,” मी म्हटले.

“पंचमाची खुंटी सरकायची त्याची.”

“अजून सरकते.”

तो हसला आणि काट्याकडे गेला.